मोजा घातलेला रोबो

मी वर्गाचं दार ढकलून आत गेले आणि आतला गोंगाट एकदम थांबला. एकाने समोरच्या खुर्चीवर ठेवलेले पाय खाली घेतले, दुसऱ्याने कानातले हेडफोन काढले. पहिल्या रांगेतली एक मुलगी तर वही उघडून, पेन सरसावून माझ्याकडे बघायला लागली. मला काही कळेना. मी जाऊन तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले, तेव्हा तिने हळूच विचारलं, "तुम्ही आम्हाला शिकवणार नाही आहात?"

"नाही गं, मीही शिकायलाच आलेय."

ती इतकी जोरात हसली, की मागच्यांनी काय झालं म्हणून विचारलं. तिने सांगितलं, आणि ते पाय पुन्हा खुर्चीवर गेले. मीही हसले. लहानपणी सहलीची बस सुटायच्या आधी व्हायचं ना, तसं काहीतरी होत होतं.

२००३ सालचा ऑगस्ट. मी तेव्हा तिशी ओलांडलेली, नागपूरची बी.कॉम., एका पहिलीतल्या मुलीची आई, आणि कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीच्या पहिल्या वर्गात बसलेली.

आम्ही नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला राहायचो. नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये. तो वर्क व्हिसावर आणि मी त्याच्या मागोमाग आलेली, म्हणजे व्हिसाच्या भाषेत 'डिपेंडंट'. मला नोकरी करायची परवानगी नव्हती, शिकायची मात्र होती. आमच्या कॉम्प्लेक्समधल्या बऱ्याच जणींची हीच गत होती. सकाळी नवऱ्यांच्या गाड्या निघून गेल्या, मुलांची पिवळी बस येऊन गेली, की पार्किंग रिकामं व्हायचं आणि आम्ही एकमेकींकडे चहाला जायचो. वाईट काही नव्हतं त्यात. पण चहा संपल्यावर उरलेल्या दिवसाचं काय करायचं, हे मला कधी नीट उमगलं नाही.

कॉम्प्युटरचं वेड लागलं ते गणपतीमुळे. आमच्या मराठी मंडळात प्रत्येक घरातून एक पदार्थ आणायची पद्धत होती, आणि आदल्या वर्षी निम्म्या लोकांनी बटाट्याचीच भाजी आणली होती. म्हणून त्या वर्षी कोण काय आणणार हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यांच्या ईमेल यायच्या, कुणी बेत बदलायचं, कुणी कॅन्सल करायचं, आणि मी एक्सेलमध्ये पुन्हा पुन्हा तेच ते करत बसायची. नवऱ्याने एकदा जाता जाता दाखवलं, "हे बटण दाब. तू जे करशील ते एक्सेल लक्षात ठेवेल आणि पुढच्या वेळी आपणहून करेल." त्याने सांगितलं तसं मी केलं. खरंच, एक बटण दाबलं आणि सगळे पदार्थ आपापल्या रकान्यात जाऊन बसले. मला इतकी मजा वाटली की मी त्या बटणामागे काय आहे ते शोधायला लागले. तिथे इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या ओळी होत्या. त्यातली एक ओळ मी बदलून पाहिली. भाज्या लाल रंगाच्या होत्या, त्या हिरव्या झाल्या.

मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन आले. पुन्हा बसले. दुसरी ओळ बदलली.

नवरा ऑफिसमधून आला तेव्हा कुकर लावलेला नव्हता. मी त्याला हाताला धरून कॉम्प्युटरपाशी नेलं. भाजी जास्त झाली की आता स्क्रीनवर तसा इशारा येत होता. तो वाकून बघत म्हणाला, "अगं, हे तर प्रोग्रॅमिंगच आहे."

"मग मला हे शिकायचंय."

"चांगलं पुस्तक आणून देतो."

"पुस्तक नको. कॉलेजात जायचंय."

तो खुर्ची ओढून बसला. मला वाटलं, आता घर आणि मुलगी यांचा विषय निघणार. पण तो म्हणाला, "मग आधी ड्रायव्हिंग शिकावं लागेल. इथे बस कुठे आहे?"

म्हणून आधी गाडी शिकले, आणि मग विद्यापीठातल्या सल्लागार बाईंना जाऊन भेटले. त्यांनी माझी नागपूरची मार्कशीट उलटसुलट करून पाहिली आणि फार वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाल्या, "मास्टर्सला लागणारे विषय तुमच्याकडे नाहीत. तुम्हाला दुसरी बॅचलर्स करावी लागेल. म्हणजे जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात."

"पहिल्यापासून सगळं शिकवणार?"

"हो. मला माफ करा, पण..."

"माफ कसलं करा, मला तेच तर हवंय," मी म्हणाले. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट बघितलं.

पहिल्या सत्रात जावा आणि कॅल्क्युलस. कॅल्क्युलसने मला घाम फोडला, कारण कॉमर्सला गेल्यापासून मी त्या वाटेला फिरकले नव्हते. पण जावाचा तास संपूच नये असं वाटायचं. पहिल्या आठवड्यात माझा प्रोग्रॅम चालेना. स्क्रीनभर लाल अक्षरांत चुका. मी एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेले आणि सापडलं, एका ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला होता. तो दिला आणि सगळी लाल अक्षरं एका दमात गेली. मी लॅबमध्ये चक्क "अरे वा!" असं मराठीत ओरडले. शेजारच्या मुलाने विचारलं, "वा म्हणजे काय?" तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये कुणाचा प्रोग्रॅम चालला की दोन-चार अमेरिकन पोरं "अर्रे वा!" करायची.

दुपारी मुलीची बस यायची तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू तिला उतरवून घ्यायच्या. त्या आपल्या मुलाकडे कायमच्या राहायला आल्या होत्या आणि त्यांनाही घरात करमत नव्हतं. मी घरी पोचेपर्यंत मुलीचं खाणं झालेलं असायचं आणि काकू तिच्याकडून इंग्रजी बालगीत शिकत असायच्या. मग आम्ही दोघी मायलेकी जेवणाच्या टेबलावर समोरासमोर अभ्यासाला बसायचो. ती विचारायची, "Mommy, is your homework hard?" मी म्हणायची, "हो, खूप." ती समजूतदारपणे मान हलवून म्हणायची, "Mine too."

तिसऱ्या वर्षाच्या वसंतात मी रोबोंचा कोर्स घेतला. त्यात दोघादोघांनी मिळून एक छोटा रोबो करायचा होता. प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा सांगाडा, दोन चाकं, दोन मोटरी आणि पोटाखाली जमिनीकडे बघणारा प्रकाशाचा सेन्सर. सेन्सरशेजारी एक बारीक लाल दिवा. पांढऱ्या कागदावर काळ्या पट्टीने वळणावळणाचा रस्ता चिकटवलेला असणार, रोबोने त्या पट्टीवरून कुणीही हात न लावता शेवटापर्यंत जायचं. सत्राच्या शेवटी सगळ्यांसमोर प्रात्यक्षिक.

जोड्या सरांनीच लावल्या. माझ्या वाट्याला एक उंच, सोनेरी केसांचा, एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आला. समुद्राकडच्या बाजूच्या एका शेतकरी घरातला. माझ्यापाशी येऊन त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग, मॅम."

"मॅम कशाला? मी तुझ्याच वर्गात आहे."

"येस, मॅम," तो म्हणाला.

मी पुढे अनेकदा सांगून पाहिलं. त्याच्या आईने त्याला मोठ्या बायकांशी असंच बोलायला शिकवलं होतं आणि त्यात बदल होणं शक्य नव्हतं. शेवटी मी मनात त्याचं भाषांतर 'काकू' असं करून टाकलं आणि तो प्रश्न मिटला.

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, या पोराचा हिरमोड झाला असणार. बाकीच्यांना त्यांच्या वयाचे पार्टनर मिळाले आणि याला मी. पण पहिल्याच दिवशी सांगाडा जोडताना तो स्वतःच म्हणाला, "मॅम, तुम्हाला मी मिळालो याचं वाईट तर नाही ना वाटलं? माझं कोडिंग तेवढं बरं नाहीये. पण मशीन जुळवता येतात मला. ट्रॅक्टर वगैरे."

"माझं कोडिंग बरं आहे," मी म्हणाले, "पण मला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा तेही कळत नाही."

त्याच्या चेहऱ्यावर अशी सुटका दिसली, की मलाही हायसं वाटलं.

आमचं जमलं. तो चाकं लावायचा, मी सी भाषेत कोड लिहायची, आणि मग तो मला चाकांचं सांगायचा, मी त्याला कोडचं. सेन्सर एक आकडा द्यायचा. खाली पांढरं असलं की मोठा, काळं असलं की लहान. मधला एक आकडा आम्ही सीमा म्हणून ठरवला. त्याच्याखाली गेलं की समजायचं, आपण पट्टीवर आहोत. वर गेलं की पट्टी सुटली, वळा. तळघरातल्या लॅबमध्ये आमचा रोबो पहिल्यांदा पूर्ण रस्ता चालून गेला, त्या दुपारी मला राहवेना. हा एवढासा ठोकळा मी लिहिलेलं वाचून डावीकडे वळत होता. मुलीने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा जशी मी हात पसरून तिच्यामागे चालले होते, तशीच मी त्याच्या मागे वाकून चालत होते. माझा पार्टनर म्हणाला, "मॅम, तो पडणार नाही."

प्रात्यक्षिक शुक्रवारी होतं. पाहुण्यांना बघता यावं म्हणून सरांनी ते लॅबऐवजी विद्यार्थ्यांच्या मोठ्या हॉलमध्ये ठेवलं. नवरा अर्धा दिवस रजा टाकून मुलीला घेऊन येणार होता. माझ्या पार्टनरचे आईवडील गावाहून ट्रक घेऊन निघाले होते. त्यामुळे तोही इस्त्रीचा शर्ट, काळी पँट आणि चकचकीत बूट घालून आला होता. नेहमी अर्ध्या चड्डीत बघितलेल्या त्या पोराला मी ओळखलंच नाही.

दुपारी सुरुवात होणार होती. त्याआधी सगळ्यांना एकेकदा सराव करून बघायचा होता. पहिल्या जोडीने रोबो पट्टीवर ठेवला आणि तो जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागला. दुसऱ्यांचा सरळ निघाला तो टेबलाच्या पायावर जाऊन आपटला. हॉलभर हशा. मग आमची पाळी आली. आमचा दोन हात पुढे गेला आणि पट्टी सोडून, जणू कुणी हाक मारली असावी तसा, दाराकडे चालू लागला.

"कोड बदललात का?" पार्टनरने विचारलं.

"एक अक्षरही नाही."

मी लॅपटॉप जोडून सेन्सरचे आकडे बघायला लागले. पांढऱ्यावर मोठा आकडा, ठीक. काळ्यावरही मोठा! मी वर बघितलं. हॉलला काचेचं छत होतं. बाहेर एप्रिलचं लख्ख ऊन. तळघरात आमच्या रोबोने आयुष्यात कधी सूर्य बघितलाच नव्हता.

"ऊन आहे हे!" मी म्हणाले. "त्याला काळी पट्टीसुद्धा उजळ दिसतेय."

"मग सीमा वाढवा, मॅम."

मी सीमेचा आकडा वाढवला. रोबो व्यवस्थित चालला. आम्ही एकमेकांना टाळी देणार तेवढ्यात सूर्यावर ढग आला, आणि गडी पुन्हा भरकटला. सुरू होताना रोबोने स्वतःच दोन्ही रंग मोजून घ्यावेत असंही मी लिहून बघितलं, पण रस्त्याच्या मधेच ढग सरकला तर त्याचाही उपयोग नव्हता. तोपर्यंत लोक यायला लागले होते. आणि तरी मला आतून इतकं जिवंत वाटत होतं, की तसं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

"कोडमध्ये नको," मी म्हणाले. "ऊन आतच येऊ द्यायचं नाही. सेन्सरला आपला लाल दिवा आहे, तेवढा पुरे. त्याच्याभोवती पडदा हवा. काळं काहीतरी, जमिनीपर्यंत."

आम्ही आजूबाजूला पाहिलं. पुठ्ठा होता, पण तो कागदावर अडला असता. कापड हवं होतं. माझ्या अंगावर पिवळा कुर्ता. पार्टनर क्षणभर विचारात पडला. मग खुर्चीत बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला.

"अरे, काय करतोयस?"

"आजच धुवून घातलाय, मॅम. शपथ," असं म्हणून त्याने काळा मोजा माझ्या हातात दिला.

मी हसत हसत मोज्याचा वरचा भाग कात्रीने कापला. पर्समधल्या किल्ल्यांच्या जुडग्याला माझ्या सेफ्टी पिना कायम लावलेल्या असत. मोज्याचं कापलेलं नळकांडं सेन्सरभोवती बसवलं, चार बाजूंनी पिना लावल्या आणि खालची कड कागदाला जेमतेम टेकेल एवढी ठेवली. मोजा थोडा घासत होता, म्हणून त्याने मोटरींचा वेग कमी करायला सांगितला आणि मी तो केला. आता आकडे ढग आला तरी तेच, ऊन आलं तरी तेच.

आमचं नाव पुकारलं तेव्हा नवरा आणि मुलगी पहिल्या रांगेत येऊन बसले होते. त्यांच्या शेजारी उन्हाने रापलेले एक उंच गृहस्थ आणि फुलाफुलांच्या फ्रॉकमधल्या एक बाई. माझ्या पार्टनरने रोबो पट्टीवर ठेवला. त्याचा एक पाय बुटात उघडाच होता. त्याच्या आईच्या ते लगेच लक्षात आलं, कारण त्यांच्या भुवया वर गेल्या.

मी बटण दाबलं. रोबो निघाला. इतका सावकाश, की पहिल्या वळणापर्यंत लोकांची चुळबुळ सुरू झाली. पण वळण त्याने बरोबर घेतलं. दुसरंही. मधल्या नागमोडी भागात बहुतेकांचे रोबो गडबडले होते. तिथे आमचा पोचला आणि नेमका सूर्य ढगाबाहेर आला. कागद पांढराशुभ्र चमकला. मी पार्टनरचा दंड पकडला. रोबो थबकला, त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि मोजा घासत घासत पुढे चालू लागला. माझी मुलगी खुर्चीवर उभी राहून ओरडली, "Go, go!" आणि मग तिला काय वाटलं कोण जाणे, पुढचं मराठीत ओरडली, "चल रे, चल लवकर!" शेवटच्या रेषेवर तो थांबला तेव्हा लॅबमधली पोरं एका सुरात "अर्रे वा!" म्हणाली. नवऱ्याने चकित होऊन त्यांच्याकडे वळून पाहिलं.

आमचा दुसरा नंबर आला. पहिल्या नंबरचा रोबो तर वाऱ्यासारखा गेला, तोही उघड्या सेन्सरने. त्याला उन्हाचा काहीच त्रास झाला नाही. ते बघून मला नंबराचं काही वाटेनासं झालं. त्यांनी हे केलं कसं, एवढंच कळायला हवं होतं. टाळ्या चालू असतानाच मी तो रोबो करणाऱ्या दोन मुलींना गाठलं.

"सोपं आहे," त्यांतली एक म्हणाली. "आम्ही लाल दिवा लावून एकदा मोजतो आणि विझवून एकदा मोजतो. मग वजाबाकी. जे ऊन आहे ते दोन्हीत सारखंच, म्हणून निघून जातं. उरतो तो फक्त आपला दिवा."

वजाबाकी! दोन ओळींचा कोड. कापड नाही, पिना नाहीत, आणि सूर्य गायब. इतकं सुंदर काहीतरी मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. मी पार्टनरला ओढत तिथे आणलं आणि तिला म्हटलं, "पुन्हा सांग, यालाही ऐकू दे." त्याने ऐकलं, आपल्या उघड्या घोट्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅम, हे तुम्हाला सकाळी सुचलं असतं, तर माझा मोजा वाचला असता."

तेवढ्यात त्याचे आईवडील आले. त्याच्या आईने माझे दोन्ही हात हातात घेतले. "हा फोनवर सारखा तुमच्याबद्दल बोलतो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, तुम्ही त्याच्या प्राध्यापक आहात." वडील फारसं बोलणारे नव्हते. त्यांनी नवऱ्याला खुणेने पार्किंगमध्ये नेलं आणि ट्रकमधून एक भलं मोठं खोकं काढून आमच्या गाडीत ठेवलं. आत काठोकाठ रताळी. त्यांच्या शेतातली, गाजरासारख्या रंगाची. एवढ्या रताळ्यांचं आम्ही तिघं करणार काय, म्हणून मी त्या तिघांनाही घरी जेवायला चला म्हटलं. ते आढेवेढे न घेता आले.

मी भराभरा रताळी किसली. तूप, जिरं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट. वरच्या मजल्यावरच्या काकूंना बोलावलं, त्या ताक घेऊन आल्या. पार्टनरच्या वडिलांनी पहिला घास घेतला, थांबले, पाणी प्यायले आणि पुन्हा ताटली पुढे केली. आयुष्यभर रताळी पिकवून त्यांनी ती तिखट कधीच खाल्ली नव्हती. काकू त्यांना मराठीतच आग्रह करत होत्या आणि ते प्रत्येक वेळी "येस, मॅम" म्हणत होते. मुलीने रोबो जमिनीवर सोडला होता आणि त्याच्यासाठी फरशीवर पट्टी चिकटवायचं काम चाललं होतं. तिच्यासोबत माझा पार्टनरही पोटावर पालथा पडलेला.

मी मात्र जेवता जेवता एका हाताने लॅपटॉप उघडला होता. नवरा म्हणाला, "अगं, पाहुणे आहेत घरी. आता काय करतेयस?"

"दोनच मिनिटं," मी म्हणाले. "दिवा लावून, विझवून, वजाबाकी. मोज्याशिवाय चालतं का ते बघू दे मला."

"पडदे उघडू का?" पार्टनरने जमिनीवरूनच विचारलं. खिडकीबाहेर अजून ऊन होतं. तो उठला आणि त्याने दोन्ही पडदे सर्रकन बाजूला केले.